कानातली लांडगीण

मायाप्पा हाक्केनं आपलीच मेंढी मारली, आणि ती मारताना त्याच्या जिवाला बरं वाटलं.

मेंढीपासून तो अर्धा कोस लांब होता. लिंबाला पाठ टेकून बसला होता, हात मोकळे होते. सकाळचे नऊ वाजले असतील. एकाएकी त्याचं पोट आत ओढलं गेलं. काळीज आधी संथ झालं, इतकं संथ की दोन ठोक्यांच्या मधे माणसाला भीती वाटावी, आणि मग उधळलं. श्वास छातीत न मावता तोंडातून यायला लागला. जबडा आपोआप मिटला. थोडा वेळ सगळं अंग एका जागी गोळा होऊन राहिलं आणि मग हळूहळू सैल पडलं. पोटात ऊब उतरली. लहानपणी आईनं पोटभर दूध पाजून पायांवर आडवं टाकल्यावर यावी तशी गुंगी डोळ्यांवर आली.

तो उठला आणि पाय नेतील तिकडं गेला. ओघळीत त्याला मेंढी सापडली. पाठीवर त्याच्याच वाड्याची, म्हणजे मेंढरांच्या तळाची, तांबडी खूण होती. नरडं फोडलेलं होतं, पोट उघडं होतं, आणि रक्तावर अजून माशाही बसल्या नव्हत्या.

मायाप्पा खाली बसला. अठ्ठावन्न वर्षं मेंढरांमागं काढलेला माणूस तो. लांडग्यानं मारलेली जनावरं त्यानं शेकड्यांनी पाहिली होती आणि दर वेळी मनाशी म्हटलं होतं, काय दावा असेल ह्या हलकटांचा आमच्याशी! आज त्यानं तो दावा आतून पाहिला होता. दावा नव्हताच. राग नव्हता, मजा नव्हती, दुष्टावा नव्हता. बाई भाकरी थापते तेव्हा तिचा पिठावर राग असतो का? तसंच ते होतं, हातातलं काम.

राग होता तो सगळा मायाप्पाच्याच बाजूचा होता.

* * *

बाळी त्याच्या कानात येऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते.

त्या काळी माणदेशातला अर्धाअधिक माळ सौरपाट्यांनी झाकला होता. पाट्या धुण्याचं पाणी खाली झिरपायचं, त्यामुळं खाली गवत बारमाही हिरवं असायचं. धनगरांचं कोकणात उतरणं त्यामुळं बंद झालं. चराईचा पास ज्याच्याकडं असेल त्यानं पाट्यांखाली मेंढरं घालायची, आणि वरून भुंग्यासारखं उडणारं एक यंत्र ती वळवायचं. मेंढके त्याला घार म्हणत. घारीच्या शिट्टीवर मेंढरं चालायला लागली आणि दोनतीन वर्षांत मेंढक्याची हाक विसरली. मायाप्पा हाळी द्यायचा तेव्हा एकही मेंढी मान वर करत नसे. त्याला त्याचं वाईट वाटायचं, पण कुणाला सांगणार?

पाट्यांच्या कडेला जो माळ उरला होता त्यात लांडग्यांचं एक कुटुंब उरलं होतं. एक नर, एक लांडगीण आणि तिची त्या सालची तीन पिल्लं.

त्यांच्यासाठी डॉ. तस्नीम मुलाणी आल्या होत्या. सांगोल्याच्या बाजूच्याच, वय पस्तीसच्या आत, उन्हानं रापलेल्या. त्यांनी लांडगिणीला गुंगीचं इंजेक्शन मारून तिच्या मानेत तांदळाएवढा दाणा बसवला होता आणि त्या दाण्याची जोडीदार असलेली बाळी घेऊन त्या वाड्यावर आल्या होत्या.

"काका, मेंदूच्या बुडापासून एक नस निघते," त्यांनी घोंगड्यावर बसून समजावलं. "घशातून, काळजावरून, फुप्फुसांवरून ती थेट आतड्यांपर्यंत जाते. वाटेत सगळीकडं फिरते, म्हणून तिला आम्ही भटकी नस म्हणतो."

"म्हणजे आमच्याच जातीची की," मायाप्पा म्हणाला.

"तशीच. भूक लागली, भ्यालं, पोट भरलं, ही खबर ती खालून वर मेंदूला देते. मेंदू त्या खबरीवरून ठरवतो की आपण घाबरलोय का सुखात आहोत. ती नस माणसाला असते, तशी लांडग्यालाही असते, आणि तिचा एक फाटा बाहेरच्या कानात येतो. लांडगिणीच्या नसेत जे चाललंय ते दाणा ऐकतो. बाळी तोच ठेका तुमच्या कानातून तुमच्या नसेवर धरते. तिचे विचार तुम्हाला कळणार नाहीत. पण तिच्या अंगाला जे होतंय ते तुमच्या अंगाला होईल. ती भुकेली झाली की तुम्हाला आधी कळेल, तुम्ही मेंढरं आवरून घ्याल. मेंढरू वाचेल आणि लांडगाही वाचेल."

"आणि माझ्या अंगाचं तिला?"

"नाही. इकडचं तिकडं काही जात नाही."

बाळी घालणाऱ्याला आतल्या कुरणाचा पास मिळणार होता. पण मायाप्पानं बाळी घेतली ती पासासाठी नव्हे. त्याचा धाकटा भाऊ सिदा घोंगड्याच्या कडेला बसला होता. डॉक्टरीणबाईंची जीप धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर तो हसला.

"दादा, देवच पावला म्हण की. महिन्याभरात बीळ सापडतंय. मिरच्यांचा धूर घालू आणि तोंड बुजवू. माळ साफ!"

आदल्या साली लांडग्यांनी सिदाची वाघर फाडली होती. जाळीच्या त्या कोंडवाड्यात एकोणीस कोकरं होती. एकोणीस मारली आणि एक खाल्लं. सिदाच्या बायकोनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती. मायाप्पानं त्या भावाच्या गळ्याला हात घालून लांडगे संपवायचा शब्द दिला होता. आणि मायाप्पाला ते काम नवं नव्हतं. उमेदीत त्यानं तीन बिळं धुरानं बुजवली होती.

"महिनासुद्धा लागायचा न्हाई," तो म्हणाला.

* * *

बीळ आठव्या दिवशीच सापडलं होतं. जुन्या पाझर तलावाचं जादा पाणी सोडणारा सांडवा फुटला होता, त्याच्या दगडांखाली ते होतं. त्यानं सिदाला सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाला, मग परवा सांगू म्हणाला, आणि त्या मेंढीच्या दिवसानंतर सांगायचा विचारच सोडला.

त्याला काय झालं होतं हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दुपारी बाराच्या सुमाराला लांडगीण सांडव्याच्या सावलीत आडवी पडायची आणि पिल्लं तिच्या पोटाशी यायची. तेवढा वेळ मायाप्पाच्या छातीत असं काही संथ व्हायचं की त्याला वाटायचं, आपला आणि ह्या मातीचा बिघाड मिटला. तो समोरच्या टेकाडावर जाऊन बसू लागला. पिल्लं त्याला लांबून बघून सरावली. वारा फिरला की त्याच्या नाकपुड्या फुलायच्या. खरंच काही वास येत होता की नुसतं अंगच जागं झालं होतं कोण जाणे, पण गवत, ढेकूळ, सशाच्या लेंड्या, लांबवर पेटलेली बाभळीची काटकी, सगळं त्याला परत कळायला लागलं. बापाच्या वेळी हे होतं. बाप म्हणायचा, लांडग्याचा वाटा सोडावा, त्यानं पाडलेलं मेंढरू ओढून आणू नये, तोही ह्याच माळाचा खातेदार. मायाप्पानं ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. आता तो ओघळीतलं मेंढरू तिथंच ठेवून येऊ लागला.

"आवं, तुमी जेवताना गुरगुरताय," बायको हौसाबाई एकदा म्हणाली.

"गप बस."

"गप कशी बसू? काल माझ्या ताटातलं कालवण वढून घेतलंत. लगीन झाल्यापास्नं असं पहिल्यांदाच बघितलं."

सिदा मात्र हसत नव्हता. "दादा, महिना झाला."

"घावंल की."

"घावलंय तुला. तोंडावर दिसतंय. माझी एकोणीस कोकरं इसरलास व्हय?"

मायाप्पानं मान फिरवली. भावाशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं वागत होता.

* * *

मग त्याच्या हातून चूक झाली. बाहेरच्या माणसानं ती केली नसती. जन्मभर ज्यानं लांडग्याला विष घातलंय त्यालाच अशी चूक सुचते.

एका सकाळी बाळीतून भूक उसळली आणि पोट एका वासाकडं ओढलं गेलं. मायाप्पा धावत सुटला. ओढ्याच्या काठी मांसाचे गोळे ओळीनं ठेवले होते, लिंबाएवढे आणि सारखे वळलेले. लांडगीण पन्नास पावलांवर उभी होती, नाक पुढं काढून. मायाप्पानं असे गोळे स्वतः वळले होते, ह्याच हातांनी, आत विषाची पुडी घालून. सिदानं डाव साधला, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं घोंगडं डोक्यावर गरगरा फिरवलं आणि बोंब ठोकली. लांडगीण उडाली ती दिसेनाशीच झाली. त्यानं गोळे वेचले आणि कमरेएवढा खड्डा काढून पुरले.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, "पाट्यांच्या कामगारांनी मागं सोडलेली कुत्री माळावर फार झाली आहेत. त्यांच्यात रेबीज निघालाय. म्हणून मी लांडग्यांसाठी मांसात लस घालून गोळे ठेवले. नरानं आणि पिल्लांनी सांडव्यापाशी खाल्लेले कॅमेऱ्यात आलेत. तिचे ओढ्याजवळ ठेवले होते, तेही गेलेत. खाल्ले असतील ना काका? तुम्हाला काही जाणवलं?"

एवढी शिकलेली बाई, आणि आपण तिच्या औषधाला विष समजलो. मायाप्पाला लाज वाटली.

"खाल्लं असंल," तो म्हणाला.

त्यानंतर आठच दिवसांत कुत्र्यांशी झुंज झाली. भर दुपारी मायाप्पा वाड्यावर भाकरी मोडत होता तो ताटावर उपडा पडला. काळीज छाती फोडून येतंय की काय असं झालं, मग आतड्यांना पीळ, मग धाप. खूप वेळानं शांत झालं. तो सांडव्यावर गेला तेव्हा वाटेत दोन कुत्री फाटून पडली होती. लांडगीण नाकावरची जखम चाटत बसली होती. लहानशीच जखम, नखाएवढी.

मायाप्पा टेकाडावर बसून राहिला आणि खड्ड्यात पुरलेले गोळे मनात मोजत राहिला.

* * *

सव्वा महिना गेला. मग एका सकाळी त्याला पाणी गिळता येईना.

हौसाबाईनं तांब्या हातात दिला. त्यानं घोट घेतला आणि घसा आवळला. पाणी नाकातून बाहेर आलं. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. तोंडातून लाळेची तार लोंबू लागली. अंग तापलं नव्हतं, पण आत आग होती, आणि त्या आगीत तहान होती, आणि काळीज एकदा धावे, एकदा थांबे. त्याला कळलं. लांडगिणीनं चार दिवसांपूर्वीच बीळ सोडलं होतं. नरानं तिला दात दाखवून हाकललं होतं, तेव्हापासून ती माळभर नुसती भटकत होती.

त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, कसंबसं सांगितलं.

"काका, बाळी काढा! आत्ताच्या आत्ता. तो रोग नेमका त्याच नसेच्या मुळावर बसतो. तिचा घसा लुळा पडलाय. तुम्हाला रोग नाही, पण तुमचं काळीज हा ठेका सोसणार नाही. मी निघते, तीन तास लागतील."

हौसाबाईनं कानाला हात घातला. त्यानं तो झिडकारला. "काढू नगंस! ती कुठं हाय ते माझ्याबिगर कुणाला ठावं? माणसांत शिरली मंजी?"

तेवढ्यात सिदा आला. त्यानं भावाच्या तोंडची लाळ पाहिली, सांडलेलं पाणी पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वैनी, ह्याला चावलंय."

"चावलं न्हाई, सिदा. ती... आजारी हाय. मी न्हाई."

"म्हंजे ती पिसाळलीय! आणि तू तिच्या बिळात जाऊन बसतोस. पाणी पी. माझ्यासमोर पिऊन दाव." त्यानं तांब्या मायाप्पाच्या दातांवर दाबला.

पाणी घशाला लागलं. त्याच वेळी माळावर कुठंतरी लांडगीण कशावर तरी धावून गेली. मायाप्पानं सिदाच्या मनगटाचा लचका तोडला.

मग कुणी कुणाचं ऐकलं नाही. सिदाच्या ओरडण्यानं शेजारच्या वाड्यावरची चारजणं धावली. त्यांनी मायाप्पाला पाडलं, छातीवर गुडघा रोवला, घोड्याच्या दोरानं बाभळीला आवळलं. त्याच्या पोटरीवर एक जुना ओरखडा होता, काट्याचा. त्यांना तो दाताचा वाटला. पिसाळलेलं जनावर चावलं की डाग द्यायचा, आगीनं विष जळतं, ही जुनी समजूत. दवाखाना वीस कोसांवर होता, चूल दहा पावलांवर होती.

"सिदा, नगं रं! डाक्तरीण येतीय!" हौसाबाई त्याच्या पायांत पडली.

"वैनी, तवर ह्यो मरंल." सिदा रडत होता. रडत रडतच त्यानं चुलीतून खुरपं काढलं. पातं लालभडक झालं होतं. ते त्यानं भावाच्या पोटरीवर टेकवलं आणि दाबून धरलं.

मांस चरचरलं. जळकी कातडी आणि केसांचा वास उठला. मायाप्पाच्या आत दोन वेदना एकमेकींवर आपटल्या, त्याची आणि तिची, आणि कोणती कुणाची ते त्याला कळेना. त्याला एवढंच वाटलं की आपण मरतोय आणि आपली पिल्लं मागं राहिली.

"सांडव्याखाली!" तो किंचाळला. "पिल्लं सांडव्याखाली हायती! बघा कुणीतरी! उपाशी मरतील!"

सिदानं खुरपं खाली टाकलं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. मायाप्पाला काय बोलून गेलो ते कळलं, आणि त्यानं डोकं बाभळीच्या बुंध्यावर आपटून घेतलं.

* * *

लांडगीण दीड-दोन तासांतच आली.

मायाप्पाला ती येताना कळत होतं. आधी पाट्यांपलीकडं, मग पाट्यांखाली. "येतीय," तो म्हणत होता, "मेंढरं काढा, पोरंबाळं गाडीत घाला." भ्रमात बडबडतोय म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

पाट्यांच्या दोन रांगांमधून ती बाहेर पडली तेव्हा आधी तिला कुणी लांडगा म्हटलंच नसतं. मागचा पाय ओढत होती, मान वाकडी, छाती लाळेनं ओली. वरून घार शिट्ट्या मारत घिरट्या घालू लागली. तिनं वर पाहिलंही नाही. ती कळपात शिरली आणि डावीउजवीकडं चावत निघाली. कान, नाक, पाय, जे तोंडाला येईल ते. खाण्यासाठी एकही मेंढी धरली नाही. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढली, वाघर फाटली, दोन कोकरं पायांखाली तुडवून मेली. शेजारची चारजणं पळाली.

सिदा पळाला नाही. काठी घेऊन तो मधे उभा राहिला. एक फटका बसला, दुसरा चुकला, आणि लांडगिणीनं त्याच्या उजव्या दंडात दात रुतवले. ती सोडेना. सिदा पडला. ती त्याच्यावर होती आणि त्याचा हात चिंधीसारखा झटकत होती.

हौसाबाईनं विळ्यानं दोर कापला. "बाळी काढा आन मग जावा!" ती ओरडली.

मायाप्पाचा हात कानाकडं गेला. बाळी काढली असती तर हात थरथरला नसता, नेम धरता आला असता. पण बोट बाळीला लागलं आणि त्याला वाटलं, जिचं दूध पाजणं आपण छातीत भोगलं तिचं मरण तिच्यावर एकटीवर टाकून मोकळं व्हायचं? त्यानं हात खाली घेतला. सरपणावरची कुऱ्हाड उचलली.

जळकी पोटरी ओढत तो तिच्या मागं पोचला. गुडघा तिच्या पाठीत रोवला. तिची कातडी तापलेल्या तव्यासारखी होती. त्यानं आत शोधलं, आता तरी राग आहे का. नव्हता. आग होती आणि तहान होती, एवढंच. माणूस काय, मेंढी काय, तिला कुणी दिसतच नव्हतं. त्यानं डाव्या हातानं तिची मान दाबली आणि कुऱ्हाड मणक्यावर घातली. तुटलं नाही. तो स्वतः कळवळला. दुसरा घाव घातला. हाडाचा आवाज त्याला कानांनी आला आणि छातीतूनही आला.

ती सैल पडली आणि तोही पडला. काळीज थांबलं होतं. हौसाबाईनं नंतर सांगितलं की तिनं छातीवर बुक्क्या मारल्या, दहा, बारा, तेव्हा कुठं श्वास आला. त्याला बुक्क्या कळल्या नाहीत. त्याला फक्त आग विझलेली कळली. आणि मग कानात काहीच नाही. सगळा माळ एकदम रिकामा.

तो उठून बसला. घागर तोंडाला लावली आणि खाली ठेवली तेव्हा ती रिकामी होती.

* * *

डॉक्टरीणबाई आल्या, दवाखान्याची गाडीही आली. सिदाच्या जखमा साबणानं पाऊण तास धुतल्या, मग त्याला घेऊन गेले आणि जखमेभोवती सुया टोचल्या. चावलेल्या अकरा मेंढ्या सरकारी डॉक्टरांनी माराव्या लागतील म्हणून सांगितलं. त्या मायाप्पानं स्वतः धरून दिल्या.

सिदा दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. हात गळ्यात बांधलेला, डोळे तांबडे.

"दादा, तू माझा जीव वाचवलास," तो म्हणाला. "आता मी तुझा वाचवतो. ते भूत मुळासकट काढल्याबिगर तुझ्या अंगातनं जायाचं न्हाई. मिरच्या घेतल्यात, पोती घेतलीत. गावातली माणसं येत्यात, तासाभरात निघतो."

"सिदा, मोकळं हाय माझं अंग. बाळी बंद पडलीय. तुझ्या हातापाया पडतो."

"तू काल मला चावलास, दादा." सिदाचा आवाज फुटला. "तू. मला."

मायाप्पा पाट्यांच्या आडोशाला गेला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. पुरलेले गोळेसुद्धा.

"मला त्या दिवशी सांगायचं होतंत, काका. मी दुसरे ठेवले असते."

"व्हय."

"नर आणि पिल्लं रोगापासून सुरक्षित आहेत. माणसांपासून नाहीत. मला पोचायला दोन तास लागतील."

दोन तास नव्हते. मायाप्पानं गोफण कमरेला खोचली, धोतराच्या सोग्यात दगड भरले आणि लंगडत निघाला.

नर सांडव्यावरच होता. पहिला दगड त्याच्या बरगडीवर बसला. तो केकाटला, दात दाखवून दोन पावलं पुढं आला. मायाप्पानं दुसरा दगड त्याच्या पुढच्या पायावर घातला. नर मागं सरला आणि कालव्याच्या दिशेनं पळाला. कालव्याच्या पलीकडं दुसरा माळ होता. तिथं पाट्या नव्हत्या, वाडेही थोडे होते.

त्यानं दगडांच्या फटीत काठी घालून ढोसलं, शिव्या दिल्या, तोंडानं भुंकला. दोन पिल्लं बाहेर पडली आणि बापामागं सुटली. त्यांच्याही पायांत त्यानं दगड मारले. एकाच्या कानातून रक्त आलं.

तिसरं बाहेर आलं आणि थांबलं. ते त्याला ओळखत होतं. टेकाडावर रोज बसणारा माणूस. त्यानं कान मागं टाकले, शेपूट खाली घेऊन हलवली आणि पोटावर सरकत त्याच्याकडं यायला लागलं.

"जा," मायाप्पा म्हणाला. "जा की!"

ते अजून जवळ आलं.

त्यानं गोफण फिरवली. दगड खांद्यावर बसला. पिल्लू कोलमडलं, उठलं, आणि पुन्हा त्याच्याकडंच बघत उभं राहिलं. माणूस वाईट असतो हे त्याला एका दगडात पटेना. मायाप्पाला समोर दिसेनासं झालं होतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, दुसरा दगड घेतला आणि तोंडावर मारला, नेम धरून, सगळा जोर लावून. पिल्लाच्या ओठातून रक्त उडालं. ह्या वेळी ते ओरडलं नाही. त्यानं शेपूट पायांत घातली आणि पळालं. कालव्याच्या पुलावरून ते पलीकडं उतरेपर्यंत मायाप्पा दगड मारत राहिला, पोचत नव्हते तरीही.

एकानंही मागं वळून पाहिलं नाही. तेच त्याला हवं होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि मोठ्यानं रडला.

सिदा माणसांना घेऊन आला तेव्हा बीळ रिकामं होतं. दगडांवर रक्ताचे थेंब होते, आणि भाऊ रिकामी गोफण हातात धरून बसला होता.

"कुठं गेली?"

"मला ठावं न्हाई."

सिदानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. मिरच्यांचं पोतं खाली टाकलं, आणि एका हातानं भावाला उठवू लागला.